सारखं दिसतं, पण बसतं का?

मोटारीचा पोचलेला पत्रा सरळ करणं हा माझा धंदा. साताऱ्याजवळ महामार्गाच्या कडेला माझं छोटंसं गॅरेज आहे आणि डेंटिंगचं काम मी गेली तीसेक वर्षं करतो आहे. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, ‘जुना पार्ट टाकला तर चालेल का?’ आणि माझं ठरलेलं उत्तर, ‘चालेल की!’ हे उत्तर चुकीचं नाही, पण ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं मला एका दारानं शिकवलं. आधी त्या दाराची गोष्ट सांगतो.

२०१६ सालचा पावसाळा होता. जवळच्या गावातले एक प्राथमिक शिक्षक आपली पांढरी स्विफ्ट घेऊन आले. उसाच्या ट्रॉलीनं डावीकडचं पुढचं दार पार आत दाबलं होतं. बाहेरचा पत्राच नव्हे, तर दाराचा आतला सांगाडाही वाकला होता. दार लागत नव्हतं म्हणून गुरुजींनी ते दोरीनं बांधून आणलं होतं. हे दार ठोकून सरळ होण्यापलीकडे गेलं होतं. नव्या दाराचा आकडा ऐकून गुरुजी गप्प झाले. त्यांच्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी साताऱ्याला न्यावं लागायचं. त्यासाठीच तर ती गाडी होती. पैसाही तिकडेच चालला होता.

मी म्हटलं, “गुरुजी, मुंबईला जुनं दार मिळेल. कशाला नव्याच्या मागं लागताय?” आणि एका चिठ्ठीवर लिहून दिलं, ‘स्विफ्ट, २०११, डावं पुढचं दार, पांढरं.’ गुरुजी शाळेत रजा टाकून गेले, दिवसभर दुकानं हिंडले आणि साडेचार हजारांना एक दार घेऊन आले. पांढरंशुभ्र, कुठं पोचा नाही की ओरखडा नाही. गुरुजींच्या चेहऱ्यावर जग जिंकल्याचा आनंद होता.

आम्ही दार गाडीला लावून पाहिलं आणि माझा चेहरा उतरला. बिजागरीची भोकं जुळेनात. हातानं धरून दार लोटलं, तर मागची कड मधल्या खांबावर चढली. दार स्विफ्टचंच होतं आणि २०११ सालच्या गाडीचंच होतं. दुकानदारानं फसवलं नव्हतं. फसवलं होतं माझ्या चिठ्ठीनं.

झालं होतं असं. स्विफ्ट आपल्याकडे आली मे २००५ मध्ये. तिचा दुसरा अवतार आला ऑगस्ट २०११ मध्ये. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या, तर सख्ख्या बहिणी वाटाव्यात इतक्या सारख्या दिसतात. पण पहिलीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३९० मिलिमीटर, तर दुसरीचं २४३०. म्हणजे चार सेंटिमीटरचा फरक. गाडी वाढली की दारं, खांब, सगळंच बदलतं. गुरुजींची गाडी बनली होती मे महिन्यात. नवी गाडी येणार म्हणून जुना साठा सवलतीत निघाला, तेव्हा त्यांनी ती घेतली आणि नोंदणी झाली ऑगस्टच्या शेवटी. मी आर.सी. बुकावरची नोंदणीची तारीख पाहिली आणि २०११ लिहून मोकळा झालो. त्याच पानावर बनावटीचा महिना छापलेला होता, तिकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

खरी परीक्षा पुढंच होती. माझ्या हाताखालचा पोरगा म्हणाला, “उस्ताद, बिजागरी कापू, खाली सरकवून वेल्डिंग मारू. कड जरा घासून घेऊ. बसतंय की!” गुरुजीही म्हणाले, “मिस्त्री, बसवाच कसंही. परवा आईची तारीख आहे.” आणि मंडळी, खोटं कशाला सांगू, वेल्डिंगचं मशीन मी चालू केलं होतं. मग त्या बाजूच्या सीटकडे नजर गेली. त्या सीटवर रोज कोण बसणार, हे मला ठाऊक होतं. दार म्हणजे नुसता वारा अडवणारा पत्रा नव्हे. बाजूनं धडक बसली तर माणूस आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये तेवढंच असतं. बिजागरी आणि कुलूप हे त्याचे दोन हात. जागा बदलून चिकटवलेला हात ऐन वेळी धरेल याची खात्री मी देऊ शकत नव्हतो. मी मशीन बंद केलं.

त्या आठवड्यात गुरुजींच्या आई दोन्ही वेळा एस.टी.नं गेल्या. एकदा तर त्यांना परतताना अर्धा रस्ता उभ्यानं यावं लागलं. हे मला गुरुजींनी नाही, त्यांच्या शेजाऱ्यानं सांगितलं. ‘बसेल की’ असं एक वाक्य मी बेफिकिरीनं बोललो होतो, त्याची किंमत अशी दुसऱ्याच कुणीतरी मोजली. तेव्हापासून जुना पार्ट सांगायचा तर आधी तपासायचं, असा नेम मी केला. काय तपासायचं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

आपली ही सवय आली कुठून, ते आधी पाहू. एक काळ असा होता की रस्त्यावर फियाट आणि अँबॅसिडर या दोनच गाड्या प्रामुख्यानं दिसत. त्यांचा मूळ बांधा वर्षानुवर्षं तोच राहिला. जाळी बदलली, दिवे बदलले, पण साधारण साचा तोच. त्यामुळे नाव सांगितलं की पार्ट मिळायचा आणि बहुधा थोड्याफार ठोकाठोकीनं बसायचा. ते दिवस गेले, सवय मात्र राहिली. मारुती ८०० चंच घ्या. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या गाडीचा बांधा १९८६ मध्ये पूर्ण बदलला, पुढे तिचा चेहराही बदलला आणि जानेवारी २०१४ मध्ये ती बनायची थांबली. नाव शेवटपर्यंत तेच. १९९८ ची सँट्रो आणि २०१८ ची सँट्रो यांच्यात नावापलीकडे काही सारखं नाही. २००० सालची ऑल्टो आणि २०१२ ची ऑल्टो ८०० यांचाही बाहेरचा पत्रा वेगळा.

उलटही घडतं. नाव वेगळं, पण अंग एकच. २००७ मध्ये आलेली लोगन पुढे २०११ मध्ये व्हेरिटो या नावानं विकली जाऊ लागली. २०१९ मध्ये आलेली ग्लान्झा ही बलेनोचीच जुळी बहीण; जाळी, बंपर आणि नावाची पट्टी असे थोडे फरक, बाकी पत्रा बहुतांशी तोच. म्हणजे नावावर विसंबून चुकीचा पार्ट घ्याल, तसाच योग्य पार्ट समोर असून सोडूनही द्याल. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असं म्हणतात. जुन्या पार्टच्या बाजारात हे अक्षरशः खरं आहे.

मग विश्वास कशावर ठेवायचा? पहिली गोष्ट, आर.सी. बुकावरचा बनावटीचा महिना आणि वर्ष. नोंदणीची तारीख नव्हे. दुसरी गोष्ट, चासी नंबर. हल्लीच्या गाड्यांचा हा नंबर सतरा अक्षर-आकड्यांचा असतो. सुरुवातीची तीन अक्षरं कंपनी सांगतात. एमए३ म्हणजे मारुती, एमएटी म्हणजे टाटा, एमएएल म्हणजे ह्युंदाई. पुढच्या अक्षरांत मॉडेलची माहिती असते. हा नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत पार्टच्या काउंटरवर जा. तिथला माणूस संगणकात तो घालून तुमच्या गाडीला नेमका कोणता पार्ट लागतो त्याचा पार्टनंबर काढू शकतो. ‘पार्ट नवा घेणार नाही, नंबर हवा आहे’ असं सांगायला लाजू नका. तो नंबर म्हणजे पार्टची जन्मपत्रिका. बऱ्याच कंपन्यांच्या नंबरात पहिले आकडे पार्ट कोणता ते सांगतात आणि पुढचे तो कोणत्या मॉडेलचा ते सांगतात. बंपर, दिवे, आरसे अशा प्लॅस्टिकच्या वस्तूंवर आतल्या बाजूला हा नंबर बहुधा उठवलेला किंवा चिकटवलेला सापडतो. पत्र्याच्या पार्टवर तो क्वचितच असतो. तिथं दुसरी युक्ती करावी लागते.

ही युक्ती अगदी साधी आहे. वर्तमानपत्राचा एक मोठा कागद घ्या. गाडीवर जिथं पार्ट बसतो तिथं, बिजागरीच्या आणि बोल्टच्या भोकांवर तो घट्ट धरा आणि बोटानं दाबून ठसा उमटवा. शिंपी बेतायला कागद कापतो ना, तसंच. कडेचा आकारही पेन्सिलीनं काढून घ्या. हा कागद दुकानात नेऊन तिथल्या पार्टवर धरा. भोकाला भोक जुळलं पाहिजे. जोडीला मोबाइलवर फोटो काढा, पण शेजारी मोजपट्टी ठेवून. फोटोत सगळंच सारखं दिसतं. पट्टी मात्र खोटं बोलत नाही.

आता प्रत्येक पार्टचं वेगळं काय पाहायचं, ते थोडक्यात सांगतो.

दार घेताना डावं-उजवं आणि पुढचं-मागचं हे तर आलंच. शिवाय तुमच्या गाडीच्या काचा हँडलनं वर-खाली होतात की बटणानं, आरसा कसा बसतो, आतल्या वायरींच्या टोकाला किती पिना आहेत, हे पाहा. जुन्या दाराची वायरिंग आणि काचेची मशिनरी चांगली असेल तर ती काढून नव्या दारात बसवता येते. पण तिच्यासाठी जागा आणि भोकं हवीत. आणखी एक. धडकेच्या चाचण्यांचे नियम आपल्याकडे नव्या मॉडेलना ऑक्टोबर २०१७ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाले. त्यामुळे बाहेरून तंतोतंत सारख्या दोन दारांची आतली रचना वेगळी असू शकते. नव्या गाडीला जुन्या काळचं दार बसलं, तरी ते तितकंच भक्कम असेल असं धरून चालू नका. इथं पार्टनंबरच पाहा.

बॉनेट घेताना बिजागऱ्या, दांडी अडकवायची जागा आणि काचेवर पाणी उडवणाऱ्या नळ्यांची भोकं जुळतात का ते पाहा. पण सर्वांत महत्त्वाची कडी. बॉनेटला दोन टप्प्यांचं कुलूप असतं. आतून खटका ओढल्यावर बॉनेट थोडं उचललं जातं आणि दुसऱ्या कडीत अडकून राहतं. ही दुसरी कडी धरत नसेल आणि पहिली हलक्या जागी बसली असेल, तर वेगात वाऱ्यानं बॉनेट उघडून काचेवर आदळतं आणि चालकाला समोरचं काहीच दिसत नाही. खंबाटकीच्या घाटात असं झालं तर काय होईल, याची कल्पना तुम्हीच करा. बॉनेट बसवल्यावर ते दहा वेळा लावून, उघडून पाहा. नुसता खटका ओढून वर हिसका मारा. दुसऱ्या कडीनं धरलंच पाहिजे.

मडगार्डच्या पत्र्याला कधी बाजूच्या इंडिकेटरचं भोक असतं, कधी नसतं, कारण काही गाड्यांत तो इंडिकेटर आरशावर गेला. बंपरमध्ये फॉग दिव्यांच्या जागा पाहा. मागच्या बंपरला पार्किंग सेन्सरची भोकं असतात. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या गाड्यांना हे सेन्सर सक्तीचे झाले. सेन्सर असलेल्या गाडीला बिनभोकाचा बंपर घेतला, तर सोय गेलीच म्हणून समजा. घरी ड्रिलनं पाडलेलं भोक वाकडं गेलं की सेन्सर उगाच ओरडत राहतो, नाहीतर ओरडायचं तेव्हा गप्प बसतो.

दिव्यांचं आणखी एक. मुंबईच्या बाजारात परदेशातून आलेला मालही असतो. जिथं वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, तिथल्या गाड्यांच्या हेडलाइटचा झोत उजवीकडे जास्त उचललेला असतो. आपण चालतो डावीकडून. तो दिवा इथं लावला, तर प्रकाश सरळ समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. दिवा गाडीला फिट बसतो, पण आपल्या रस्त्यावर बसत नाही.

पार्ट जुळला, तरी तो निरोगी आहे का हे पाहायचं राहतंच. खिशात एक लोहचुंबक ठेवा, त्याला पातळ फडकं गुंडाळा आणि पत्र्यावरून फिरवा. जिथं चुंबक नीट चिकटत नाही, तिथं रंगाखाली जाड लांबी भरलेली आहे असं समजा. अर्थात काही गाड्यांचं बॉनेट अॅल्युमिनियमचं असतं आणि मडगार्ड प्लॅस्टिकचं, तिथं चुंबक मुळातच चिकटणार नाही. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात. ती बुजली की आत गंज धरतो. तिथून आत डोकावून पाहा. समुद्रकाठच्या गाडीचा माल असेल तर जरा जास्तच.

काही गोष्टी मात्र जुन्या घेऊच नयेत. एअरबॅग आणि सीटबेल्ट या त्या दोन. एअरबॅग एकदाच कामाला येते, आणि बेल्टनं एखादा मोठा झटका सोसला आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. तसंच खांब, छत किंवा पुढचा सांगाडा दुसऱ्या गाडीतून कापून आपल्या गाडीला जोडणं. बोल्टनं बसतं ते जुनं चालेल. कापून वेल्डिंग करावं लागतं ते जुनं नको, अशी मोटा-मोटी खूणगाठ बांधा.

आणि शेवटी पावती. ‘जुन्या बाजारात कसली पावती?’ असं म्हणून पुष्कळ जण हसतात. पण तो पार्ट कुणाच्या तरी चोरलेल्या गाडीचा असू शकतो. उत्तर प्रदेशात मेरठच्या सोतीगंजचा बाजार चोरीच्या गाड्या सुटा भाग करून विकण्यासाठी देशभर बदनाम होता. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बंद केला. माल चोरीचा आहे हे ठाऊक असून, किंवा तशी शंका घ्यायला जागा असून घेणं, हा गुन्हा आहे. म्हणून पावतीवर दुकानाचं नाव, पार्टचं वर्णन आणि तो ज्या गाडीतून निघाला तिचा चासी नंबर लिहून मागा. ‘न बसल्यास परत’ हे शब्दही लिहून घ्या. गाड्या मोडीत काढण्याच्या नोंदणीकृत केंद्रांचे नियम २०२१ मध्ये आले आहेत. तुमच्या भागात असं केंद्र असेल आणि तिथं पार्ट मिळत असतील, तर आधी तिथंच चौकशी करा.

आता गुरुजींच्या गाडीचं पुढं काय झालं? साडेचार हजारांतले निम्मे मी दिले. गुरुजी घेत नव्हते, पण चिठ्ठी माझी होती. यावेळी आधी कंपनीच्या काउंटरवरून पार्टनंबर काढला, कागदावर भोकांचा ठसा घेतला आणि मी स्वतः गेलो. पांढरं दार कुठं मिळालं नाही. जे मिळालं, ते २००९ च्या एका स्विफ्टचं होतं आणि लालभडक होतं. कागद धरला, भोकाला भोक जुळलं. संध्याकाळी घरी आणून बसवलं, तर खट्ट आवाज करून लागलं. फट वरपासून खालपर्यंत एकसारखी.

मी म्हटलं, “गुरुजी, रंगासाठी दोन दिवस गाडी ठेवा.” ते म्हणाले, “उद्या आईची तारीख आहे. रंग दिवाळीच्या सुट्टीत बघू.” आणि पुढचे दोन-अडीच महिने आमच्या रस्त्यावरून ती पांढरी गाडी एक लाल दार घेऊन आठवड्यातून दोनदा साताऱ्याला जात राहिली. लोक हसायचे. मला मात्र ती दिसली की बरं वाटायचं. पहिल्या वेळी आम्ही रंग जुळवला होता, दुसऱ्या वेळी गाडी जुळवली. रंग नंतर देता येतो, मंडळी. आकार देता येत नाही.